कॅनडाला हवी तुळसाची सही

शेवंती गेल्याची बातमी सगळ्या मसुऱ्याला कळून दोन तास झाले होते, तेव्हा तिचा नवरा गुरुदास बागवे कुडाळच्या स्टँडवर वडा खात होता. मांडीवर दुरुस्त करून घेतलेला मिक्सर होता. फोनची बॅटरी सकाळीच संपली होती.

बस लागली. गुरुदास चढला, तर खिडकीशी बसलेला एक ओळखीचा माणूस उठून उभा राहिला आणि त्याने गुरुदासला जागा दिली. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात गुरुदासला कुणी आपणहून खिडकी दिली नव्हती. कंडक्टर आला, शंभराची नोट बघूनही काही बोलला नाही, निमूटपणे सुट्टे मोजून दिले. पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून विचारलं, "पाणी व्हया काय?" सगळी बस त्याच्याकडे बघत होती आणि त्याने बघितलं की नजर खाली घालत होती.

गुरुदासला कारण कळलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. महिन्यापूर्वी एका पोराने त्याच्या खानावळीचा व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकला होता. त्यात गल्ल्यावर बसलेला गुरुदास दोन सेकंद दिसत होता. उशिरा का होईना, लोकांनी ओळखलं म्हणायचं. त्याने कॉलर नीट केली, चेहऱ्यावर थोडा साधेपणा आणला आणि बाहेर बघत बसला.

मसुऱ्याच्या तिठ्यावर उतरला तर वीस-पंचवीस माणसं उभी. आता मात्र त्याला शंका आली. व्हिडिओ काही एवढा चांगला नव्हता.

शेजारचा महादू पुढे झाला आणि त्याने गुरुदासच्या हातातला मिक्सर काढून घेतला.

"चल घराक."

"काय झाला?"

"चल आधी."

"महादू, काय झाला ता सांग मेल्या."

"शेवंती गेली रे. दुपारी. चुलीसमोरच बसली ती बसलीच. गाडयेत घालून मालवणाक नेली आमी, पण वाटेतच..."

"मिक्सर झालो दुरुस्त," गुरुदास म्हणाला. हे आपण का म्हणालो, ते त्याला अजून कळलेलं नाही.

दिवसकार्य झालं. महिन्याभराने गुरुदासने खानावळ पुन्हा उघडली. पाटीवर 'गुरुदास भोजनालय' असं लिहिलेलं होतं आणि लोक जेवायला येत ते पाटी बघून, अशी त्याची बावीस वर्षांची समजूत होती. बांगड्याची कढी त्याने स्वतः केली. नेहमीचे चौघे आले, जेवले, कुणी एक अक्षर वाईट बोललं नाही. हायस्कुलातले मास्तर तर उठताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले. कढीबद्दल यापेक्षा कडक शेरा माणूस देऊ शकत नाही. आठव्या दिवशी गुरुदासने फळी लावली ती कायमची.

मग घर उरलं. घरात एक माणूस असला की किती आवाज होतात, ते ज्याचं त्याला कळतं. नळ गळतो, पत्रा तडतडतो, आणि आपण खोकलो तर पलीकडून कुणी "पाणी घेवा" म्हणत नाही. कॅनडात समुद्राकाठच्या एका लहानशा गावात त्याची एकुलती मुलगी सलोनी नर्स होती. आई गेल्यावर दोन महिन्यांनी तिला मुलगा झाला. नातू गुरुदासने फोनवर पाहिला; जास्त करून त्याचं कपाळच दिसलं.

"बाबा, तुमी हय येवा," सलोनी म्हणाली. "सहा महिन्यांचो व्हिसा गावता. पाहुणे म्हणान येवा."

इथेच गुरुदासने हो म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणसाला मान नावाचा एक अवयव असतो, आणि तो दुखायला लागला की डॉक्टरही काही करू शकत नाही.

"जावयाच्या घराक सहा महिने बसान जेवतलंय?" गुरुदास म्हणाला. "नाय. येतलंय तर माझो धंदो करतलंय. माझ्या पायार येतलंय."

हे तो बोलून गेला, आणि पडवीत महादू बसला होता. महादू एसटीतून रिटायर झालेला. त्याच्यासमोर बोललेलं वाक्य परत घेता येत नाही, कारण तोवर ते तीन वाड्या पुढे गेलेलं असतं. संध्याकाळपर्यंत गुरुदास बागवे कॅनडात हॉटेल काढणार हे गावाने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या डोरथीबाई स्वतः घरी आल्या. त्यांचा मुलगा डायलन कुडाळात मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर बसून लोकांना परदेशी पाठवण्याची कामं करतो. डायलन स्वतः आंबोलीच्या पलीकडे फारसा गेलेला नव्हता, पण त्याच्याकडे भिंतभर जगाचा नकाशा होता.

डायलनने सांगितलं की असं होतं. तिथल्या काही प्रांतांना गावोगावची दुकानं चालवायला माणसं हवी असतात. मालक म्हातारे झाले, मुलं शहरात गेली, दुकान बंद पडायला आलं, असं एखादं दुकान बाहेरच्या माणसाने विकत घेऊन चालवलं तर त्याला तिथे राहू देतात. सलोनीच्या गावात धक्क्यावर तळलेल्या मासळीचं एक दुकान विकायला होतंच. गुरुदासला एवढंच ऐकायचं होतं. मासळी म्हटल्यावर त्यात आपल्याला कळत नाही असं कोण म्हणेल?

"आता फॉर्म भरूया," डायलन म्हणाला. "काका, खानावळीत तुमचा काम काय होता?"

"मी गल्ल्यार बसायचंय."

"म्हणजे आर्थिक व्यवस्थापन." डायलनने टाइप केलं. "आणि?"

"सकाळी मासळी आणूक जायचंय. शेवंती चिठी देय, तशी."

"खरेदी विभाग. आणि?"

"एखादो गिऱ्हाईक भांडूक लागलो तर..."

"तर?"

"शेवंतीक हाक मारायचंय."

"ग्राहक संबंध," डायलनने लिहिलं. "बरा आसा काका. तुमी तर मॅनेजर होतास."

गुरुदासने तो कागद घडी करून खिशात ठेवला. बावीस वर्षांत तो काय करत होता हे पहिल्यांदाच कुणीतरी नीट लिहिलं होतं. घरी येऊन त्याने तो पुन्हा वाचला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शेवंतीचं काम काय होतं, हा रकाना त्यात कुठेच नाही.

महादूचं म्हणणं पडलं की देवाला विचारल्याशिवाय एवढी मोठी गोष्ट करू नये. आमच्याकडे नवीन विहीर खणायची असो की नवीन रिक्षा घ्यायची असो, आधी देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, देवासमोर उभे राहून माणसाची अडचण मोठ्याने सांगतात, आणि मागे जमलेली मंडळी दर वाक्याला होकार भरतात. सोमवारी नारळ घेऊन दहा-बारा जण जमले.

"बा देवा म्हाराजा!" गावकरांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!"

"आज हो तुझो लेकरू गुरुदास, सात समुद्रापलीकडे कॅनडा देशात मच्छीचा हाटेल घेवक निघालो हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत कोण वाकडो इलो, व्हिसावालो आडवो इलो, तर तेका सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझ्या हद्दीत..." इथे गावकर थांबले. देवाला हद्द असते. आपल्या गावच्या शिवेपर्यंत आपला देव बघतो, पुढे पुढच्या गावचा. "गुरुदास, थंय हद्द कोणाची?"

कुणालाच माहीत नव्हतं. महादूने डोरथीबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तिथे चर्च आहे, पण हद्द वगैरे काही नसते, आणि देवळातून असले फोन करू नका, मी वर्गात आहे. शेवटी "जो कोण थंयचो जागेवालो आसात तेका सांभाळूक सांग" असं मोघम म्हणून गावकरांनी नारळ फोडला. नारळ चांगला निघाला. महादू म्हणाला, काम झालं म्हणून समज.

मग दुकानाच्या मालकांशी व्हिडिओवर बोलणं झालं. मॅकनील नावाचं म्हातारं जोडपं होतं. गुरुदास इस्त्रीचा शर्ट घालून बसला. पलीकडे एका चौकोनात ते दोघे आणि दुसऱ्या चौकोनात बाळाला घेऊन सलोनी, अर्थ सांगायला. म्हातारा हसतमुख होता. त्याने विचारलं, खानावळीत स्वयंपाक कोण करायचं?

एवढं इंग्रजी गुरुदासला येत होतं. तो म्हणाला, "माय वाइफ."

म्हातारीला ते फार आवडलं असावं. ती पुढे सरकली आणि काहीतरी विचारलं. सलोनीने त्याचा अर्थ सांगितला नाही. ती बाळाकडे बघत राहिली. मग तिनेच इंग्रजीत दोन वाक्यं उत्तर दिलं. म्हातारीने तोंडावर हात ठेवला.

"काय इचारल्यान?" गुरुदासने नंतर विचारलं.

"काय नाय बाबा."

"सांग गो."

"आय पण येतली काय, म्हणान."

तरी मॅकनील मंडळींनी त्यालाच दुकान द्यायचं ठरवलं. तीन महिने थांबतो म्हणाले. अर्ज गेला. गुरुदासने देवळात दुसरा नारळ दिला आणि घरात थंडीचे मोजे आणून ठेवले. गावात कुणाकडे गेला की लोक "मगे, कधी?" असं विचारत, आणि तोही "कागद पुढे गेलेत" असं म्हणत असे. हे वाक्य त्याला आवडू लागलं होतं.

तिकडून पत्र आलं ते डायलनने माडीवर वाचून दाखवलं. पत्राचा मतलब असा. अर्जदाराने पत्नी शेवंती यांच्या मृत्यूचा दाखला जोडला आहे, त्याबद्दल आम्हांला वाईट वाटतं. परंतु अर्जदाराच्या मुलीने पूर्वी दिलेल्या माहितीनुसार अर्जदाराची पत्नी तुळसा ही असून ती हयात आहे. खानावळीचा परवानाही तुळसा यांच्याच नावे आहे. तरी तुळसा सोबत येणार आहेत का? येणार नसल्यास त्यांची सही असलेली संमती साठ दिवसांत पाठवावी. तसेच शेवंती कोण, तेही कळवावं.

"आता ही तुळसा कोण, काका?" डायलनने दबक्या आवाजात विचारलं.

"शेवंतीच ती."

सगळी भानगड तांदळाची होती. लग्नात नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं, ही रीत. एकोणतीस वर्षांपूर्वी वालावलच्या तुळसाचं नाव गुरुदासने ताटात 'शेवंती' असं लिहिलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी ते तांदूळ गोळा केले, आणि नाव बदललं. त्याची नोंद करायला हवी असते हे त्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं. भटजींनाही नव्हतं. सलोनी जन्मली ती आजोळी, कुडाळच्या दवाखान्यात. तिथे मामा-आजीने बाळाच्या आईचं नाव सांगितलं तुळसा, कारण त्यांच्याकडे ती तुळसाच होती. सलोनीचे सगळे कागद त्यावरून झाले. खानावळीचा परवाना बायकांसाठीच्या योजनेतून निघाला. त्याला शाळेचा दाखला लागला, तो तुळसाचा. आधार कार्ड काढलं ते सासरी, ते शेवंतीचं. थोडक्यात, पाटीवर गुरुदास होता, परवान्यावर तुळसा होती आणि चुलीवर शेवंती होती.

"काय पण लिवलाय," गुरुदास म्हणाला. "परत वाच जरा."

डायलनने परत वाचलं.

"ता मधला वाच. हयात आसा म्हणतत ता."

डायलनने ते वाक्य तिसऱ्यांदा वाचलं. गुरुदास भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता. दहा महिन्यांत ज्याने त्याने त्याला शेवंती गेली हेच सांगितलं होतं. नाही गेली असं म्हणणारं हे पहिलंच सरकार.

गावात ही गोष्ट वेगळ्या रूपाने पोचली. महादू संध्याकाळी येऊन पडवीत बसला. मग म्हणाला, "आमका सांगलंस नाय कधी."

"काय?"

"दुसरी आसा म्हणान. वालावलाक."

"महादू, उठ हयसून."

"माझा काय नाय रे, बायका बोलतत. बस गावता थंय जावक, इतक्याच इचारूचा होता."

आयुष्यभर सरळ वागलेल्या माणसाला, बायको गेल्यावर दोन बायकांचा दादला म्हणून मान मिळाला. आठ दिवस न्हाव्याकडे त्याला रांगेत थांबावं लागलं नाही.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक चंदन हा सज्जन मुलगा. त्याने गुरुदासला खुर्ची दिली आणि कागद वाचून झाल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"हे तर अगदी सोपं आहे, काका. नावात बदल केल्याची राजपत्रात जाहिरात द्यायची. एक फॉर्म, दोन फोटो. बाईंना घेऊन या उद्या, त्यांची सही..."

तो थांबला. मृत्यूचा दाखला त्यानेच लिहिला होता.

"म्हणजे, नाव ज्यांचं त्यांची सही लागते," तो हळू म्हणाला. मग उठून उभा राहिला, पुन्हा बसला आणि त्याने चहा सांगितला.

चहा पिता पिता मार्ग शोधला. मृत्यूच्या दाखल्यावर 'ऊर्फ तुळसा' घालता येईल का? येईल, पण त्याला दोन्ही नावं असलेला जुना कागद पाहिजे. लग्नाचा दाखला? लग्न नोंदवलेलंच नाही. आता नोंदवता येईल? येईल, नवरा-बायको दोघांनी हजर राहायचं. लग्नपत्रिका? पत्रिकेवर 'चि. सौ. कां. तुळसा' आहे, शेवंती नाही. शेवंती तांदळात होती. मग रक्ताच्या नात्याच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, की तुळसा तीच शेवंती आणि ती अमुक दिवशी वारली. भाऊ आहे ना? भाऊ होता, सत्यवान. पण सत्यवान शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी त्याचं आडनाव वालावलकर लावलं होतं, आणि तुळसाचं लावलं होतं राऊळ. कागदावर ती दोघं एकमेकांना ओळखतही नव्हती.

"आई आहेत त्यांच्या?" चंदनने विचारलं. "आईचं चालेल. आईचं सगळ्यांत उत्तम."

गुरुदासने कप खाली ठेवला.

आता हे सांगायलाच हवं. वालावलची म्हातारी पंच्याऐंशी वर्षांची, कमरेने बसलेली, काळजाने अशक्त. तुळसा गेली हे तिला सांगितलेलंच नव्हतं. स्मशानातून परत येताना सत्यवानने गुरुदासचा हात धरला आणि म्हणाला, "आवशीक सांगूक नको. ती ऱ्हवाची नाय." मग काय सांगायचं? सत्यवाननेच सुचवलं: सलोनीच्या बाळंतपणाला तुळसा कॅनडात गेली, असं सांगू. त्या दिवशी गुरुदास कशालाही हो म्हणाला असता. तेव्हापासून तो वालावलला फिरकला नव्हता. म्हणजे बघा, दोघांच्या मते तुळसा जिवंत होती: एक कॅनडा सरकार आणि एक सासू. त्यातल्या एकाचा गैरसमज दूर करायला दुसरीची मदत पाहिजे होती.

पंधरा दिवस गुरुदासने कागदांना हात लावला नाही. मग मॅकनीलांचा निरोप आला की दुसरं एक गिऱ्हाईक आलंय, पण अजून दोन आठवडे थांबतो. सलोनी म्हणाली, "बाबा, बाळ आता बसूक लागला." तेव्हा त्याने वालावलला फोन केला.

सत्यवानने सगळं ठरवलं. म्हातारी कुठे जाऊ शकत नाही, म्हणून वकीलबाईंनाच घरी बोलवायचं. शर्मिलाबाई नावाच्या वकील होत्या, त्या तयार झाल्या. अंगठ्याचं काम, पाच मिनिटांत होईल. "तिका काय कळूचा नाय," सत्यवान म्हणाला. "कॅनडाचो कागद म्हणान सांगूया. खोटा तरी खंय आसा?"

तळ्याकाठच्या देवळावरून पुढे गेलं की सत्यवानचं घर. म्हातारी पडवीत खाटेवर बसली होती. जावई आला म्हटल्यावर तिने डोक्यावर पदर घेतला.

"वाळलास हो तुमी," ती मोठ्याने म्हणाली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती सगळ्यांशी ओरडून बोलायची. "जेवणाक कोण घालता तुमका?"

"मीच करतंय."

"आ?"

"मीच करतंय!"

"तुमी काय करतलास, कपाळ!" म्हातारी हसली. "दहा म्हयने झाले. बाळंतपणाक गेली ती थंयच बसली मेली. घोवाची काळजी नाय. फोन पण करूक नाय माका. मी इल्यार बघतंय तिका."

सत्यवान आत जाऊन उगाच भांडी हलवू लागला.

"तुमी पण जातास म्हणे," म्हातारी पुढे म्हणाली. "जावा, जावा. तिका थंडी सोसणा नाय, ल्हानपणापासून. मी कुळथाचा पीठ करून ठेवलंय, ता नेवा. आणि सांगा, आवस अजून आसा म्हणान. घाय नाय, पण येवन जा म्हणावा."

गुरुदासने मान हलवली.

शर्मिलाबाई आल्या. त्यांनी पिशवीतून कागद काढला, शाईची डबी काढली आणि खुर्ची खाटेजवळ ओढली. म्हातारीने अंगठा शाईत बुडवून आधीच पुढे केला.

"खंय लावू?"

"थांबा आजी. आधी वाचून दाखवायला लागतं."

सत्यवान आतून धावत आला. "वाचूक कित्याक व्हया? तिका काय समाजता?"

"तसं चालत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "खाली लिहिलंय ना, 'मला वाचून दाखवले, समजले व मान्य आहे.' मी न वाचता सही केली तर ते खोटं होईल."

"मगे हळू वाचा," सत्यवान म्हणाला.

"मोठ्यान वाचा!" म्हातारी ओरडली. "माका ऐकाक येणा नाय."

वकीलबाईंनी दोघांकडे पाहिलं, मग गुरुदासकडे. त्यांनी घसा साफ केला आणि अंगणापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मी, खाली अंगठा करणार, राहणार वालावल, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की..."

"व्हय," म्हातारी म्हणाली. गाऱ्हाण्याला द्यावा तसा होकार.

"तुळसा ही माझी सख्खी मुलगी आहे."

"व्हय, माझीच. पयली."

"तिचे लग्न मसुरे येथील गुरुदास बागवे यांच्याशी झाले."

"हे काय, बसलेत."

"लग्नात तिचे नाव बदलून शेवंती असे ठेवण्यात आले."

"तांदळात लिवलेला," म्हातारीला आठवलं. तिचा शाई लावलेला अंगठा हवेत तसाच होता. "तिच्या बापसाक आवडूक नाय ता नाव. माका आवडला. पण मी तुळसाच म्हणतंय. वाचा, वाचा. फुडे काय?"

पुढची ओळ शर्मिलाबाईंनी आधी मनात वाचली. त्यांच्याच ऑफिसात टाइप झालेली ओळ, पण त्यांचं बोट तिच्यावर थांबलं.

"थांबा," गुरुदास म्हणाला.

"आ?"

"थांबा! कागद चुकलो."

"चुकलो? मगे बरो करून आणा," म्हातारी म्हणाली. "घाय काय नाय. मी खंय जातंय?"

सत्यवानने फडक्याने आईचा अंगठा पुसला. शाई नखाच्या कडेला राहिली. वकीलबाईंनी कागद घडी करून गुरुदासच्या हातात दिला आणि फी घेतली नाही. बसमध्ये गुरुदास कुळथाचं पीठ छातीशी धरून उभ्यानेच आला, कारण जागा नव्हती आणि कुणी दिलीही नाही.

मॅकनीलांचं दुकान त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने घेतलं. ते तिथे मासळी बंद करून मोबाइल विकणार आहे, असं सलोनीने सांगितलं. डायलन हार मानणाऱ्यांतला नाही. त्याने त्याच गावात कपडे धुण्याचं दुकान शोधलं आहे, आणि गुरुदासच्या अनुभवात 'स्वच्छता विभाग' असा एक रकाना वाढवला आहे. पण कुठलंही दुकान घ्या, पहिला प्रश्न तोच असतो. महादू रोज येतो, रोज नवीन उपाय सांगतो. काल म्हणाला, सरळ तुळसाच्या नावाने पासपोर्ट काढ, बघू कोण काय म्हणता. सलोनी म्हणते, बाबा, मान सोडा आणि पाहुणे म्हणून या. डायलन म्हणतो, पाहुण्यांच्या अर्जातही बायकोचा रकाना असतो.

साठ दिवसांची मुदत एकदा वाढवून मिळाली आहे, ती पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला संपते. प्रतिज्ञापत्र चार ओळी वाचून झालं आहे. पाचवी ओळ म्हातारीला वाचून दाखवायची राहिली आहे.